आधी हात रिकामे करा

३१ जुलैला लळिंगला जो गेलाय त्याला मी काय सांगतो ते लगेच दिसेल. १९३७ साली बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते. लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या दिवशी माणसं तिथं जमतात. पाऊस असतो, चिखल असतो, निळे झेंडे असतात, गाण्याचा आवाज डोंगराला धडकून परत येतो. आपण कार्यकर्ते गर्दीत पत्रकं वाटत फिरतो.

असंच एकदा पत्रक वाटत होतो. समोर एक पोरगी आली. दहा वर्षांची असेल नसेल. कडेवर भाऊ, दुसऱ्या हाताला लहान बहीण. कडेवरचा रडत होता म्हणून ती गाण्यापासून लांब चालली होती. मी पत्रक पुढं केलं. वर मोठ्या अक्षरात 'शिका' लिहिलेलं. तिनं कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मन्हा हात रिकामा नही शे, भाऊ."

एवढं बोलून ती गेली. पत्रक माझ्या हातातच राहिलं.

मित्रांनो, हा लेख त्या पोरीबद्दल आहे. आणि माझ्याबद्दलही आहे, कारण तिचं पुढं काय, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. मी तेच पत्रक पुढच्या माणसाला दिलं.

धुळे, पारोळा, चाळीसगाव, एरंडोल, चोपडा. कुठल्याही वस्तीत सकाळी नऊ वाजता जा. मोठी माणसं कामावर गेलेली असतात. कापूस फुटला की माय वेचणीला जाते, किलोवर मजुरी, म्हणजे जितका वेळ जास्त तितका पैसा. बाप जिनिंगला, नाही तर बांधकामावर, नाही तर केळीच्या ट्रकवर घड भरायला. मग वस्ती चालवतं कोण? आठ ते चौदा वर्षांच्या पोरी. नळाची पाळी त्यांची. तान्ह्याची शीशू त्यांची. अर्धांग झालेल्या आजीला कुशीवर वळवायचं, तिचं धुवायचं, भाकरी कुस्करून भरवायची ते त्यांच्याकडं. क्षयाच्या पेशंटची गोळी चुकू नये म्हणून लक्ष ठेवायचं तेही त्यांच्याकडं. बाप पिऊन आला तर धाकट्यांना घेऊन शेजारी जाऊन बसायचं, हेही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात दोनच वाटा. पोरीला सोबत नेलं तर ती कोपीवर बाळ सांभाळते. मागं ठेवलं तर म्हातारी-म्हातारा आणि शेळ्या सांभाळते. साखरशाळा निघाल्या, पण कडेवर बाळ घेऊन बाराखडी गिरवता येते का, हे त्या पोरीला कुणी विचारलं?

इंग्लंडमध्ये अशा मुलांना वेगळं नाव आहे, 'यंग केअरर'. २०१४ च्या कायद्यानं तिथल्या अठरा वर्षांखालच्या अशा मुलाला हक्क दिला, की माझ्यावर किती भार आहे आणि मला काय मदत लागते हे सरकारी माणसानं येऊन पाहावं. आपल्याकडंही अशा पोरीला नाव आहे. आपण तिला 'शहाणी' म्हणतो.

"काय शहाणी पोर आहे! सगळं घर सांभाळते." हे वाक्य मी शंभर वेळा बोललोय. या वाक्यात काय चूक आहे ते कळायला मला फार वर्षं लागली. शहाणी म्हटलं की तिची तक्रार संपली. शहाणी पोर थकत नाही, शहाणी पोर खेळायला मागत नाही, शहाणी पोर शाळेचं नाव काढत नाही. आपण तिचं कौतुक करतो ते तिनं तोंड उघडू नये म्हणून. गावानं आपल्या बापजाद्यांचं असंच कौतुक केलं होतं. 'इमानी माणूस', 'हाकेला धावणारा'. मेलेलं ढोर ओढून नेणाऱ्याला इमानी म्हणायला गावाचं काय जात होतं?

आता प्रश्न नीट मांडतो. घरातल्या आजाऱ्याची, तान्ह्याची सेवा करणं वाईट आहे काय? नाही. माणसानं माणसाला सांभाळणं ही माणूसपणाची पहिली खूण आहे. १८९६ च्या सुमारास भीमाबाई गेल्या तेव्हा भीम पाच-सहा वर्षांचा होता. त्याला आणि त्याच्या भावंडांना मीराआत्यानं सांभाळलं. पाठीला कुबड असलेली बाई. तिच्या त्या पाठीनं किती उचललं, याची नोंद आपण ठेवत नाही. मोठा माणूस मोठा होतो त्याच्या खाली कुणाचे तरी हात असतातच. तेव्हा सेवा हलकी, असं मी म्हणत नाही. मी विचारतो ते एवढंच: ही सेवा कुणाच्या वाट्याला आली, आणि ती वाटणी कुणी केली?

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये सांगितलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. आणि ही वाटणी माणसाचा कल बघून होत नाही, जन्म बघून होते. हे वाक्य आपण प्रत्येक भाषणात वापरतो. आता ते घेऊन आपल्याच घराच्या उंबऱ्याच्या आत या. थोरली पोरगी जन्माला आली. तिचं काम ठरलं कधी? ती जन्मली तेव्हाच. तिला कुणी विचारलं? कुणी नाही. तिच्याहून वर्षभरानं लहान असलेला भाऊ गल्लीत क्रिकेट खेळतोय. त्याला कुणी हाक मारतं? कुणी नाही. जन्मानं काम ठरतं, ते बदलता येत नाही, त्याचा मोबदला नाही आणि नाही म्हणायची सोय नाही. बाहेर याला आपण काय म्हणतो? घरात मात्र याला 'संस्कार' म्हणतो.

दोन प्रकारची माणसं इथं मध्ये बोलतील. पहिला म्हणेल, "आपली कुटुंबसंस्था हीच आपली ताकद. पोरी लहानपणापासून जबाबदारी शिकतात." त्याला विचारा, तुझी पोरगी कुठल्या शाळेत जाते, आणि तुझ्या आईचं अंथरूण कोण धुतं? दुसरा कळवळ्यानं म्हणेल, "या आया किती निर्दय! पोटच्या पोरीला राबवतात." याचा मला पहिल्यापेक्षा जास्त राग येतो. त्या माउलीनं एक दिवस वेचणी सोडली तर संध्याकाळी चूल कशानं पेटणार? ती निर्दय नाही. तिच्या डोक्यावरचं ओझं तिला पेलेना, म्हणून अर्धं तिनं पोरीच्या डोक्यावर दिलं. तिच्या डोक्यावर ते कुणी दिलं ते बघा.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मालकानं आणि विशेषकरून सरकारनं उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ ला कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्यानं कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केलं. आधी ५० हून जास्त बाया असतील तिथं, १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० हून जास्त. अंगणवाडी १९७५ ला आली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली तर एका बाईला मुलं सांभाळायला नेमा आणि तिला मजुरी द्या. २००९ ला शिक्षणाचा हक्क आला. कागद कमी नाहीत. पण कापसाचं शेत हा कारखाना नव्हे, उसाचा फड हा कारखाना नव्हे. अंगणवाडी काही तासांची, आणि माय परततेय दिवेलागणीला. शाळा फुकट झाली, पोरीचे हात कुठं फुकट झाले? वर २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती करून 'शाळेनंतर घरच्या धंद्यात मदत' ही फट ठेवून दिली.

म्हणजे बघा. सरकारनं ओझं झटकलं ते मालकावर, मालकानं मजूर बाईवर, बाईनं पोरीवर. पाणी उताराला जातं तसं ओझं उताराला जातं. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले तिच्या अगदी तळाशी कोण उभं आहे हे आपण शोधत असतो ना? ती ही कडेवर पोर घेतलेली पोर. तिच्या खाली ओझं द्यायला कुणी नाही. फार तर ती आपल्या धाकट्या बहिणीला देते.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही मला एक गोष्ट दिसली नव्हती.

माझी मोठी बहीण चौथीतून शाळेबाहेर पडली. मी तेव्हा वर्षाचा होतो. मला कडेवर घेऊन ती शाळेच्या भिंतीपाशी बाहेरून उभी राहायची आणि आतला धडा ऐकायची, हे मला मायनं सांगितलं. बहिणीनं कधीच नाही. मी बी.ए. झालो. मी समतेवर भाषणं करतो. आमच्या घरी बैठक असली की आम्ही स्त्रीमुक्तीवर तास तासभर बोलतो आणि चहा ती आणते. कप उचलायलाही तीच येते. तेव्हा व्यवस्थेला शिव्या देताना माझी जीभ जरा अडखळते. त्या व्यवस्थेचा मी लाभार्थी आहे. माझं पहिलं पुस्तक तिच्या पाटीच्या बदल्यात आलंय.

लळिंगच्या त्या दिवसानंतर आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं की या पोरींसाठी काहीतरी करायचं. काय करायचं? त्यांचं ओझं उचलायला आमच्याकडं पैसा नाही, पाळणाघर नाही. कुणी म्हणालं, चित्रं-नाटकाचं शिबिर घेऊ. दुसरा उसळला, "पोटाला भाकर नाही आणि रंगपेट्या वाटता?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शहरातून येणाऱ्या अशा कार्यशाळा आपण पाहिल्यात. रंगीत खडू, बिस्किटांचा पुडा, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. मुलं चित्र काढतात ते डोंगर, सूर्य, झोपडी आणि बाजूला नारळाचं झाड. अरे, खानदेशात नारळाचं झाड कुठं पाहिलंस? पण चित्राच्या पुस्तकात तेच असतं. उसना डोंगर, उसनं झाड. पोरगी आली तशीच घरी जाते.

तरीही चित्र, गाणं, नाटक ही पैसेवाल्यांची चैन, हे मला पटत नाही. आपला इतिहासच तसं सांगत नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा-एक वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. विषय मांग-महारांचं दुःख. बाळंत होणाऱ्या बायांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिनं त्यात लिहिलं. तिला कुणी नारळाचं झाड काढायला लावलं नाही, म्हणून तिनं जे पाहिलं ते लिहिलं. आपल्या जळगावजवळच्या असोद्याची बहिणाबाई. जातीनं आपली नव्हे, पण राबणारी. अक्षर येत नव्हतं. जात्यावर, शेतात हात कामात असताना तिला गाणं सुचायचं. ती गेली १९५१ ला, पुस्तक निघालं १९५२ ला, तेही घरच्या पोरांनी उतरवून घेतलं म्हणून. ज्यांच्या घरात उतरवून घेणारं कुणी नव्हतं अशा बहिणाबाया आपल्या वस्तीत किती मेल्या? आणि आंबेडकरी जलसे तर होतेच. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत चळवळ पोचली ती ढोलकीवरून.

म्हणून शिबिर घ्यायचं ठरलं. रविवारी दुपारी तीनला, विहारात. पहिल्या रविवारी वीस पोरं आली, सगळे मुलगे. पोरी आल्या तीन, त्यांच्याबरोबर चार तान्ही-रांगती. एकीनं खडू हातात घेतला तर कडेवरच्यानं तो तोंडात घातला. तासाभरात तिघी उठून गेल्या. तेव्हा मला लळिंगचं ते वाक्य आठवलं आणि माझी लाज वाटली. आम्ही पुन्हा तेच केलं होतं. पत्रकाच्या जागी खडू दिला होता, एवढाच फरक.

दुसऱ्या रविवारी आम्ही क्रम उलटा केला. आधी पोरं घेतली, मग खडू दिले. घेतली म्हणजे आम्ही घेतली, आम्ही बापय कार्यकर्त्यांनी. एकाला बाळ धरता येईना, त्यानं ते माइक धरतात तसं धरलं. एकाच्या शर्टावर धार आली. सभा गाजवणारा आमचा वक्ता लंगोट बांधताना घामाघूम झाला. पोरी हसून हसून लोळल्या. त्यांच्यातल्या दोघींना मी त्याआधी हसताना पाहिलेलं नव्हतं.

मग जमिनीवर खडूनं मोठी भाकरी काढली. म्हटलं, ही तुझा दिवस. उठल्यापासून झोपेपर्यंत. तुकडे पाड आणि सांग, कोणता तुकडा कुणी खाल्ला. पोरींनी तुकडे पाडले. पाणी, भाऊ, भांडी, आजी, पुन्हा भाऊ, शेळी, चूल. एकीनं स्वतःसाठी जो तुकडा ठेवला तो नखाएवढा. विचारलं, हा कसला? म्हणाली, "रात्री सगळे झोपतात तेव्हा मी जागीच असते थोडी वेळ. कुणी काही सांगत नाही तेव्हा." दिवसभराच्या भाकरीतला तिचा घास एवढाच.

नंतर नाटक. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलनं १९७० च्या दशकात पीडितांच्या रंगभूमीची कल्पना मांडली. बंगालात 'जन संस्कृती' १९८५ पासून तेच करते. नाटक चालू असताना प्रेक्षकानं 'थांबा' म्हणायचं, आत यायचं आणि पात्राच्या जागी उभं राहून वेगळं करून दाखवायचं. आम्ही साधा प्रसंग घेतला: माय म्हणते, आज शाळेत जाऊ नको, बाळाला ताप आहे. मला वाटलं, पोरी 'थांबा' म्हणतील आणि मायशी भांडतील. तसं झालं नाही. पहिली जी उठली ती मायच्या जागी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माले बी वाटतं तू जावं. पण मुकादम आज नाही आलीस त उद्या येऊ नको म्हणे." सगळे गप्प. मग मागून एक पोरगी ओरडली, "थांबा! याचा बाप कुठी शे? याचा भाऊ कुठी शे?" आणि दारात उभ्या असलेल्या पोराचा हात धरून तिनं त्याला आत ओढलं. "तू घे याले."

त्या दिवशी मला वाटलं, क्रांती झाली. झाली नव्हती. सोमवारी सगळ्या पोरी पुन्हा नळावर होत्या. त्या 'थांबा'वालीची आजी पडली आणि पुढचे तीन रविवार ती आली नाही. शिबिरानं ओझं उतरत नाही. असं जो सांगतो तो फसवतो. मग शिबिरानं काय होतं? जे नशीब वाटत होतं ते कुणीतरी केलेली वाटणी आहे, हे त्या पोरीला दिसतं. वाटणी असेल तर ती बदलता येते. आणि आपल्याला दिसतं की बदलायची आहे ती आपण.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. एका रविवारी आमच्या कार्यकर्त्यानं सांगितलं, आपल्या जगण्याचं चित्र काढा. एका पोरीनं चिमणी काढली. मोठी, पिवळी, कागदभर. तो चिडला. "हे काय? वास्तव काढ, वास्तव! तुझं खरं काढ." ती शांतपणे म्हणाली, "खरं त मी रोजच करस."

तो गप्प झाला. मीही. आपण त्या पोरीकडून काय मागत होतो? घरात तिनं घराच्या उपयोगी पडायचं आणि शिबिरात चळवळीच्या. तिथं हंडा, इथं दुःख. जयंतीच्या स्टेजवर तिला उभं करायचं, तिनं रडवायचं, आपण टाळ्या घ्यायच्या. मित्रांनो, आपल्या माणसांची किंमत या देशानं कायम उपयोगावरून केली. हा काय वाहील, ही काय झाडील. जो फक्त उपयोगासाठी असतो तो गुलाम असतो. त्या पोरीला आठवड्यात दोन तास कुणाच्याही उपयोगाचं नसण्याचा हक्क आहे. तिनं चिमणी काढावी, सिनेमातलं गाणं म्हणावं, नुसतं भिंतीला टेकून बसावं. तिचं दुःख तिच्या मालकीचं आहे. सांगायचं तर ती सांगेल, तेव्हा ऐकून घ्यायचं. पण ते आपल्या पत्रकाचा मजकूर नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कलेनं पोरींना आधार द्यायचा असेल तर आधी हात रिकामे करा. जिथं बाळ धरायला माणूस नाही तिथं शिबिर घेऊ नका. वस्तीतल्या मुलग्यांना नाटकात घ्या, आणि नाटक संपल्यावर बाळही त्यांच्याच हातात राहू द्या. ग्रामसभेत, वॉर्डात अंगणवाडीची वेळ मजुरीच्या वेळेशी जुळवून मागा. कामाच्या जागी पाळणा मागा. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी इमारतीच्या कामावरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं. बांधकामावर होतं ते फडावर का होऊ नये? आणि हे सगळं मागताना आपल्या घरातला कप आपण उचला. ज्याला हे शेवटचं जमत नाही त्यानं पहिल्या मागण्यांवर भाषण करू नये.

मागच्या महिन्यात मी बहिणीला शिबिराला घेऊन आलो. तिची नातवंडं आम्ही सांभाळली. ती पोरींमध्ये बसली. कुणीतरी तिच्या हातात खडू दिला. ती बराच वेळ तो धरून बसली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काय काढू रे भाऊ? काही सुचत नही."

पन्नास वर्षं भरलेला हात एकाएकी रिकामा झाला की त्याला काय करायचं ते आठवत नाही. यावर माझ्याकडं उत्तर नाही. त्या दहा वर्षांच्या पोरीचा हात असा होऊ द्यायचा नाही, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

रविवारी दुपारी तीनला या. पत्रकं आणू नका. पोरं धरायची आहेत.

जयभीम.